येताना काय बघितलं?

आमच्या हेडगुरुजींना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नसत. चष्मा कपाळावर ढकलायचे, समोरच्याला नीट न्याहाळायचे आणि विचारायचे, "येताना काय बघितलं?"

या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय त्यांच्याकडून कुणाचं कसलंही काम झालेलं मला आठवत नाही. उत्तरही भलतंसलतं चालायचं नाही. बघितलेली गोष्ट जिवंत हवी, त्याच दिवशीची हवी आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली हवी. पोराचा दाखला न्यायला आलेला बाप असो की खडूचा डबा मागायला आलेला मॉनिटर, कायदा सगळ्यांना एकच.

मी परभणीत वाढलेली. जिल्हा परिषदेची नेमणूक घेऊन जिंतूरकडच्या त्या गावात पहिल्यांदा गेले, तेव्हा एसटीच्या धुळीनं माझा चेहरा मलाच ओळखू आला नसता आणि एका चपलेचा अंगठा तुटला होता. त्या अवतारात ऑफिसच्या दारात उभी राहून म्हटलं, "मी नवीन बाई. रुजू व्हायला आलेय."

"येताना काय बघितलं?"

"फाटा बघितला. तिथून चालत आले."

"फाटा जित्ता न्हाई."

"मग कावळा," मी अंदाजानं ठोकून दिलं.

"कावळ्यानं तुमाला बघितलं असंल, बाई. तुमी त्याला न्हाई बघितलं. जावा, बघून या."

हा माणूस ठार वेडा आहे, अशी माझी तिथल्या तिथे खात्री पटली. पण नोकरी सरकारी होती आणि परतीची गाडी संध्याकाळशिवाय नव्हती. तुटकी चप्पल हातात घेऊन मी शाळेमागच्या बाभळीखाली जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं एक होला येऊन बसला. पाठ विटकरी, मानेवर बारीक ठिपके, आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता. मी आत जाऊन तसं सांगितलं. गुरुजी ताडकन उठले, स्वतःची खुर्ची मला दिली, पाणी मागवलं आणि माझी चप्पलही शिवून आणवली. म्हणजे मला रुजू करून घेतलं ते होल्यानं, असं मी घरी सांगायची.

पंचायत समितीचे विस्तार अधिकारी तपासणीला आले, तेव्हा तरी गुरुजी गप्प बसतील असं वाटलं होतं. साहेब जीपमधून उतरले, गुरुजींनी हार घातला आणि हार घालता घालताच विचारलं. साहेब म्हणाले, "चिमणी."

"चिमणी तुमच्या घरातच राहती, साहेब. तिला बघायला सरकारी जीप लागत न्हाई."

आम्ही चार शिक्षक भिंतीला चिकटून उभे. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, गळ्यात हार तसाच ठेवून फाटकाबाहेर गेले. परत आले ते लहान पोरासारखे भराभर. "तारेवर बसलाय! हिरवा आहे, शेपटीला काडी लावल्यासारखी आहे!"

"वेडा राघू," गुरुजी म्हणाले. "शाबास. बसा." पुढे हे साहेब दर वेळी जीपमधून उतरतानाच पक्ष्याचं नाव सांगत उतरायचे, आणि आमचा शेरा कधी वाईट आला नाही.

गुरुजी दिसायला अगदी काटकुळे होते. धोतर, बंद गळ्याचा कोट आणि पायांत कॅनव्हासचे बूट. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे आमच्या वर्गांत हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायची नाहीत, "हाजिर" म्हणायची. राग आला की गुरुजी उर्दूतून पाढे म्हणायचे. सातच्या पाढ्यापर्यंत राग उतरायचा. देवधर्माशी त्यांचं भांडण नव्हतं, पण सख्यही नव्हतं. देवळात जायचे ते देवळामागच्या पिंपळावर काय येऊन बसलंय ते बघायला.

अशा माणसानं शाळेचं शिबिर मठात भरवावं, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. पण त्यात नवल काही नव्हतं. आमच्या शाळेचं मैदान म्हणजे खळं. त्यात एक झेंड्याचा खांब आणि ती एक बाभूळ. गावापासून दोन-तीन कोसांवर टेकडीच्या पायथ्याला एक मठ होता. मठाला बारव होती, पोरं झोपतील एवढी धर्मशाळा होती, आणि कधी कुऱ्हाड न लागलेलं दाट रान होतं. मठातले महाराज दर हिवाळ्यात संस्कार शिबिर भरवायचे. पहाटे उठायचं, श्लोक पाठ करायचे, सूर्यनमस्कार घालायचे. त्याला पोरं मिळत नव्हती. महाराजांकडे झाडं होती आणि पोरं नव्हती, गुरुजींकडे पोरं होती आणि झाडं नव्हती. दोघांनी मठाच्या ओसरीवर बसून, दाणे-गूळ खात, दिवसभर भांडून सौदा ठरवला. आसपासच्या तीन गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतली पाचवी ते सातवीची पोरं हुरड्याच्या दिवसांत मठात मुक्कामाला जायची. पहाटेचे श्लोक महाराजांचे, दिवसभराचं रान गुरुजींचं. आरतीला ज्याला यायचं त्यानं यावं, जबरदस्ती कुणावर नाही.

महाराज गोल, गोरे आणि कमालीचे भित्रे होते. पाल दिसली तरी ते देवाचं नाव घेऊन ओसरीवरून खाली यायचे. आवाज मात्र असा, की आरती म्हणायला लागले की टेकडीवरून उलटा यायचा. पहिल्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या आरतीला एकही पोर आलं नाही. कारण मठामागच्या वडावर वटवाघळं होती, ती दिवस मावळता मावळता उडायची, आणि गुरुजींनी सगळ्या पोरांना ती बघायला वडाखाली आडवं झोपवलं होतं. मीही होते. वर आभाळ तांबूस, आणि त्या वडातून काळा धूर निघावा तशी वटवाघळं निघत होती. महाराज रिकाम्या सभामंडपात अर्धी आरती म्हणून निरांजन हातात घेऊनच तणतणत आले.

"गुरुजी, ही काय तऱ्हा झाली? देवापुढं काळं कुत्रं न्हाई!"

"झोपा," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"निरांजन खाली ठिवा आन् आडवं व्हा. पुन्हा उद्याशिवाय दिसनार न्हाई."

महाराज आडवे झाले. एवढा मोठा देह, त्यामुळे दोन पोरांना सरकावं लागलं. शेवटचं वटवाघूळ जाईपर्यंत ते तसेच पडून राहिले. मग उठून, धोतर झटकत म्हणाले, "हितं जन्म गेला माझा, आन् मी या येळेला रोज वडाकडं पाठ करून बसायलोय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आरतीची वेळच मागे ढकलली. मठातल्या जुन्या माणसांनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी सांगितलं, "देव थांबतो. वटवाघूळ थांबत न्हाई." आणि मग आरतीला सगळी पोरं यायची, कारण वटवाघळं बघून झाली की दुसरं काही काम नसायचं.

शिबिराचा गुरुजींचा मुख्य नियम मात्र नावांचा होता. मठाच्या फाटकात ते कापडी पिशवी घेऊन उभे राहायचे. प्रत्येक पोरानं डोळे मिटून एक पान काढायचं, रानात जाऊन त्या पानाचं झाड शोधायचं, त्याला हात लावून यायचं. तेच त्याचं नाव. शिबिर संपेपर्यंत घरचं नाव घ्यायचं नाही, आडनाव तर अजिबात नाही. झाडं संपली की झुडपं, झुडपं संपली की वेली आणि गवतं. कुणी पळस, कुणी बोर, कुणी गुळवेल. एकाला घाणेरी आली तर तो रडायला लागला, मग गुरुजींनी त्याला तिची फुलं दाखवून समजूत घातली. मला आघाडा आला. कपड्यांना चिकटला की सुटत नाही तो. "बरोबर हाय," गुरुजी म्हणाले, "तुमी बी एकदा बोलायला लागल्या की..." पुढचं ते बोलले नाहीत. खुद्द महाराजांनी हौसेनं हात घातला तर साबराचा तुकडा निघाला, तोही काट्यासकट. गुरुजींनी तो मुद्दाम त्यांच्यासाठी पिशवीत टाकला होता, असा माझा आजही संशय आहे.

चुकून कुणाचं घरचं नाव तोंडून गेलं, तर शिक्षा एकच: स्वयंपाकघरातली मोठी कढई राखेनं घासायची. पहिली कढई गुरुजींनीच घासली. सवयीनं एका पोराला नावानं हाक मारून बसले. पोरं "कढई! कढई!" ओरडत त्यांना चुलीपर्यंत घेऊन गेली. धोतर खोचून, उर्दू पाढे म्हणत त्यांनी ती अशी लख्ख केली की आचारी खूश झाला.

मला वाटायचं, हा सगळा पोरखेळ आहे. मजेचा आहे, पण पोरखेळ. त्याचं खरं काम मला कळलं ते तिसऱ्या वर्षी.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता. त्या वेळची जाळपोळ थांबली होती, पण गावोगावची माणसं अजून एकमेकांकडे तिरकं बघत होती, आणि नाव काही बदललेलं नव्हतं. आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतली काही घरं त्या गडबडीत गाव सोडून परभणीला पाव्हण्यांकडे राहून आली होती. त्यातल्याच एका घरातली मुलगी पाचवीत होती. हुशार, काटक, आणि प्रश्न विचारून बेजार करणारी. शिबिरासाठी तिची परवानगी मागायला गुरुजी आणि मी वस्तीत गेलो. तिचा बाप बांधकामावर मजुरीला जायचा. सायकलची चेन बसवत होता. गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "धाडतो. पर एक ऐका, गुरुजी. मठात पंगती कशा बसत्यात ते मला ठावं हाय. माजी पोर बाजूला बसवली, तर तिची शाळा त्या दिवशीच बंद. मी बी बाजूला बसूनच चौथी केली. तिला ते बघायला लावनार न्हाई."

गुरुजींनी त्याला आश्वासन वगैरे काही दिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले. त्या "बरं"चा मला रागच आला.

मुलीच्या वाट्याला हिवर आला. पांढऱ्या सालीचा, बारीक पानांचा. तीन दिवस ती हिवर म्हणूनच रानात हिंडली, बारवेत वाकून कासवं बघितली आणि महाराजांना विचारून बसली, की देवाला वटवाघळं आवडतात का. महाराज दिवसभर विचार करत होते.

शेवटच्या दिवशीचं जेवण मठाच्या गावचे एक बागायतदार द्यायचे. सगळे त्यांना मालक म्हणत. मठाच्या कोठारातली ज्वारी त्यांची, सभामंडपावरचे पत्रे त्यांचे. त्यांचा नातूही शिबिरात होता. त्याला कडूनिंब आला होता आणि तो त्यावर खूश होता. आदल्या दिवशी दुपारी महाराज आमच्याकडे आले ते तोंड एवढंसं करून.

"मालकाचा निरोप हाय. जेवण देनार, पर वस्तीतल्या पोरांची पंगत येगळी पायजे म्हनत्यात. गुरुजी, मी काय करू? वर्षभर त्यांचंच खायलोय."

"मंजूर म्हनून सांगा," गुरुजी म्हणाले.

मी तिथेच भडकले. म्हटलं, "तुमचं मंजूर तिच्या बापाला कोण सांगणार? मी नाही सांगणार. तिची शाळा सुटली तर त्याला जबाबदार तुम्ही." एवढ्या मोठ्या माणसाशी मी असं पहिल्यांदाच बोलले. गुरुजी शांतपणे ऐकत राहिले. आघाडाच होते मी.

मग ते महाराजांना म्हणाले, "मंजूर. फकस्त त्यांना सांगा, पोरं उठवायचं काम माझं न्हाई. त्यांनी स्वतः यावं, ओळखावं आन् उठवावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. तीन गावची पोरं, शाळेचे तेच ते कपडे, आणि सकाळभर टेकडीवर हिंडून सगळी सारखीच धुळीनं माखलेली. पळसाच्या पत्रावळींवर शिरा, वरण-भात, वांग्याची भाजी वाढून झाली. मठाची रीत अशी, की ज्याची पंगत, त्यानं "होऊ द्या सावकाश" म्हटल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. मालक आले. पांढरा फेटा, हातात काठी. माणूस तसा दुष्ट नव्हता. लहान पोरांना बघून हसायचा, खिशात गोळ्या ठेवायचा. जे बापानं केलं तेच करायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि तेच मला जास्त भीतीचं वाटत होतं.

त्यांनी पंगतीच्या टोकाशी सुरुवात केली. "कुनाचा रं तू?"

"मी बोर."

"तसं न्हवं. आडनाव काय?"

पोरानं कढईच्या दिशेनं बघितलं आणि मान हलवली. पुढचा पळस. त्याच्या पुढची गुळवेल. मग रुई, मग चिंच. "कुनाची गं तू?" "मी करवंद." मालक दर पोरापाशी थांबत होते, वाकून चेहरा बघत होते आणि पुढे सरकत होते. वरणावर साय धरायला लागली होती. आणि रांगेच्या मध्यावर हिवर बसली होती. तिला काय चाललंय ते कळत होतं. मांडीवर हात घट्ट धरून ती समोर बघत होती. तिच्या एका बाजूला कडूनिंब, मालकांचा नातू. दुसरी बाजू मोकळी होती.

तेवढ्यात महाराज आतून आले. ते कधीही पंगतीत बसत नसत, त्यांचं ताट आत असायचं. हातात पत्रावळ घेऊन ते आले, हिवराशेजारच्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसले आणि आरतीच्या आवाजात म्हणाले, "साबर हाजिर!"

पोरं खो खो हसली. मालक हसले नाहीत. महाराजांचे कान लाल झाले होते, हे मला जवळून दिसत होतं. पालीला भिणारा माणूस. मला एकदम रडू यायला लागलं आणि ते लपवायला मी वांग्याचं भांडं उचललं.

मालक नातवासमोर येऊन थांबले. "ही कोन रं, तुज्या शेजारी?"

"ती हिवर हाय, आबा. तिची पानं लय बारीक असत्यात. आन् तिनंच मला काल कासव दाखवलं."

"हिवर न्हवं. तिचं नाव काय?"

"मला न्हाई म्हाईत," नातू म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. तीन दिवस एकत्र राहून त्यानं ते विचारलंच नव्हतं.

मालकांचा तोल गेला तो तिथे. चिडून त्यांनी नातवाला त्याच्या घरच्या लाडक्या नावानं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं हाक मारली.

मग पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आवाज उठला, "कढई! कढई! मालकाला कढई!" नातू सगळ्यांत जोरात ओरडत होता. हिवरही ओरडत होती. गुरुजी एवढा वेळ खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "शिबिराचा कायदा हाय, मालक. मी बी घासली."

मालकांनी त्या हसणाऱ्या पोरांकडे बघितलं, मग महाराजांकडे, मग पुन्हा नातवाकडे. कुणाला उठवायचं असेल तर आता आधी महाराजांना उठवावं लागणार होतं. त्यांनी काठी खांबाला टेकवली. "वरण गार व्हायलंय," ते कुणालाच न बघता म्हणाले. आणि मग, थोडं थांबून, "होऊ द्या. होऊ द्या सावकाश."

जेवणं झाल्यावर त्यांनी कढईला राखेचे दोन हात मारले. दोनच, आणि फेटा न काढता. पुढच्या वर्षी त्यांनी जेवण दिलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी दिलं. सगळं जग त्या दिवशी बदललं असं मी म्हणणार नाही. पण मठात वेगळी पंगत त्यानंतर मी असेपर्यंत बसली नाही, आणि आरती अजूनही वटवाघळांनंतर होते.

पत्रावळी उचलताना माझं लक्ष फाटकाकडे गेलं. हिवराचा बाप सायकल धरून बाहेरच उभा होता. पोरीला न्यायला ठरल्या वेळेच्या आधीच आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. गुरुजींनी हात हलवून त्याला आत बोलावलं. तो आला, पण सायकल सोडेना. तिच्या हँडलवर नजर ठेवून म्हणाला, "गुरुजी, शाळा कवा हाय आता? उद्या का सोमवारी?"

गुरुजींनी चष्मा कपाळावर ढकलला. मला वाटलं, आज तरी नको, आज तरी या माणसाला सोडा. पण कायदा म्हणजे कायदा.

"येताना काय बघितलं?"

बापानं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"पाखरू काय बघितलं न्हाई, गुरुजी. पोर जेवताना बघितली."

गुरुजींनी मग चष्मा खाली ओढून नाकावर नीट बसवला.

"चालतंय," ते म्हणाले. "सोमवारी. घंटेच्या आधी धाडा."